जिवंत आबांना श्रद्धांजली

आमच्या घराण्यात पेपरात नाव छापून आलेला मी पहिला माणूस. बातमी तालुक्याच्या एका छोट्या साप्ताहिकात, शेवटच्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली आली: ‘जिवंत आजोबांना पाहुण्याची श्रद्धांजली, आजोबा म्हणाले, पुढं बोला!’ तो पाहुणा मी. नाव काना-मात्रेसकट बरोबर छापलं होतं. (एरवी लाइटच्या बिलावरसुद्धा ते बरोबर येत नाही!)

झालं असं, की माझ्या बायकोचे चुलते शंकरआबा वारले. त्यांचं गाव जाफराबादच्या पुढं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी त्या गावी एकदाही गेलो नव्हतो. दर वेळी काहीतरी अडचण निघायची. खरं सांगायचं तर मीच काढायचो. आबांच्या मातीलाही गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे म्हणून सांगितलं. (ऑडिट नव्हतं. सर्दी होती.) मंगल, म्हणजे माझी बायको, एकटीच गेली आणि तिथंच राहिली. मग तिचा फोन आला.

“तेरवीला तरी टायमावर या. अन् आबांवर दोन शब्द बोला. बाकीचे जावई तयारी करून राह्यलेत.”

मीही तयारी केली. बदनापूरहून निघालो तेव्हापासून एसटीत भाषण घोकत होतो. जाफराबादला एसटी सोडून काळीपिवळी जीप धरली. ड्रायव्हरला म्हटलं, “शंकरआबांच्या घरी कार्यक्रम आहे, तिथं उतरवा.”

“मंडप घातलाय तेच ना? बिलकुल दारात सोडतो.”

त्यानं बिलकुल दारात सोडलं. फक्त ते गाव आधीचं होतं, आणि ते शंकरआबा दुसरे होते!

मला हे कळायला पाहिजे होतं. पण सव्वीस वर्षं जावई असलेला माणूस ‘हेच का माझ्या सासरच्यांचं घर?’ असं कोणत्या तोंडानं विचारणार? मंडप होता. सतरंजीवर टोपीवाली म्हातारी माणसं गप्प बसली होती. समोर खुर्चीवर एका आजोबांचा मोठा फोटो, फोटोला झेंडूचा हार, शेजारी उदबत्ती. (उदबत्ती पलीकडच्या गणपतीची होती, हे नंतर कळलं. नंतर बरंच काही कळलं.) मी चपला काढल्या, फोटोपुढं फुलं ठेवली आणि डोळे पुसले. कडेला एक बाई पदरानं डोळे पुसत होती. मी जवळ गेलो.

“ताई, धीर धरा.”

“काय करावं भाऊ, लई तिखट हायेत.”

“काय?”

“कांदे!”

दुःखानं माणूस काहीही बोलतो, असं मनात म्हणून मी पुढं सरकलो. तेवढ्यात माइकवरच्या माणसाची नजर माझ्या पांढऱ्या शर्टावर पडली. “पाव्हणे लांबून आलेले दिसतात. त्यांनी आबांबद्दल दोन शब्द बोलावेत.”

मी माइक धरला. आवाज भरून आणला. “मंडळी, काळानं आज घाला घातला! शंकरआबा आपल्याला सोडून गेले!”

मंडपात एकदम शांतता. मला वाटलं, भाषण चढलं. मी आवाज आणखी खाली नेला. “असा प्रेमळ माणूस पुन्हा होणे नाही. उभ्या जन्मात ते कोणाला वाकडा शब्द बोलले नाहीत...”

आतून एका म्हातारीचा आवाज आला, “आगं बाई, हे कोणाबद्दल बोलून राह्यलेत?”

आणि दारातून कोरं धोतर, गुलाबी फेटा घातलेले एक आजोबा बाहेर आले. मी फोटोकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं. परत फोटोकडं. आजोबांनी शेजारच्या माणसाला विचारलं, “कोण गेलं रं?”

“तुम्हीच, आबा.”

त्या दिवशी त्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. मुलांनी हौसेनं वाढदिवस मांडला होता!

पळावं तर चपला आबांच्या पलीकडं. मी माइकमध्येच (तो चालूच होता) म्हटलं, “चूक झाली. दुसरे शंकरआबा. मी जावई आहे... तिकडचा.” पोरीबाळी तोंडाला पदर लावून वाकल्या. कोपऱ्यात एक माणूस मोबाइलवर शूटिंग करत होता. तोच त्या साप्ताहिकाचा वार्ताहर.

आबा मात्र काठी टेकत आले आणि अगदी माझ्यासमोर बसले. “बोला पुढं.”

“आबा, माफ करा...”

“माफी मंग मागा. आधी बोला. मेल्यावर लोक लई चांगलं बोलतात, पण ऐकायला आपण नसतो. मला आज सापडलंय तर ऐकू द्या.”

मी बोललो. काय करणार? “आबा प्रेमळ होते... आहेत. कष्टाळू होते... आहेत. त्यांनी गावाला आधार दिला... देतात.” दर वाक्याला आबा मान डोलवायचे आणि आतली म्हातारी म्हणायची, “बराबर, बराबर!” फक्त वाकड्या शब्दाच्या वाक्याला ती गप्प राहिली. शेवटी पाहतो तर आबांचे डोळे खरंच भरले होते. त्यांनी स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. एक अक्षरही त्यांच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, आणि ते मला मिठी मारत होते! लाज वाटणं म्हणजे काय, हे मला त्या मिठीत समजलं.

एवढ्यात फोन वाजला. मंगल.

“कुठं हायेत तुम्ही? कावळा येऊन घास शिवून गेला! त्याला पत्ता सापडला, तुम्हाला न्हाई सापडत?”

आबांनी ते ऐकलं. “जल्दी जा,” ते म्हणाले. “तिथं खरं दुःख हाय. माझ्या नावानं पण एक फूल ठेवा.” त्यांच्या मुलानं मोटरसायकल काढली. पाच मिनिटांत पुढचं गाव, खरा मंडप. मी उतरलो आणि धावत आत शिरलो. सगळ्यांनी वळून पाहिलं. मंगलनं तर डोळेच मिटून घेतले. मला वाटलं, उशिरा आल्याचा राग. मग कपाळावरून घाम पुसायला हात वर नेला, तर हाताला फेटा लागला. गुलाबी! त्याच्या खाली निघताना लावलेला कुंकवाचा टिळा, आणि दुसऱ्या हातात वाढदिवसाच्या बुंदीच्या लाडवांचा पुडा.

गेलेल्या आबांची बायको, आमच्या काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी फेटा काढला, त्यांच्यापुढं बसलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. जीप, कांदे, ऐंशी वर्षं, सगळं. ऑडिटचंही सांगितलं. माइक पुढं आला तेव्हा घोकलेलं भाषण संपलेलं होतं. ते दुसऱ्यालाच वाहून आलो होतो. म्हणून जे आठवलं तेवढंच बोललो. “मी आबांना एकदाच भेटलो. माझ्या लग्नात. माझ्या चपला चोरीला गेल्या, तेव्हा त्यांनी त्यांच्या काढून दिल्या आणि स्वतः अनवाणी घरी गेले. एवढंच मला माहीत आहे. जास्त माहीत नाही, ही माझी चूक.”

काकूंनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, “नव्या होत्या जावईबापू. सव्वीस वर्षं म्हणत राह्यले, जावई आला की आणील.”

आधी त्यांच्याच थोरल्या लेकीला हसू फुटलं, मग काकूंना, मग सगळ्या मंडपाला. तेरा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं म्हणे. मी मात्र मान वर केली नाही.

परतीला जाफराबादहून एसटीत बसल्यावर मंगल खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “तुमच्या तेरवीला मीच बोलणार. अन् सगळं खरं सांगणार.”

तेव्हापासून मी तब्येतीला फार जपतो. साखर बंद केली आहे, रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो!