बरकत पिंजाऱ्याचा पाय

बरकत कापूस पिंजायचा आणि मी गाद्यांच्या खोळी शिवायचो. चिंचवडात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. त्याला कुणाचं मन मोडवत नसे. भीड भिकेची बहीण, हे मी त्याला कितीदा सांगितलं असेल. त्याच्या त्या गोड स्वभावाचा मला आजही राग येतो.

चालता चालता त्याची डावी पोटरी आवळून यायची. मग तो वाटेतच बसायचा, बिडी ओढायचा आणि कळ थांबली की उठायचा. “बरकतची गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबते,” असं आम्ही चिडवायचो. तोही हसायचा.

पंचावन्न साली पिंपरीच्या माळावर एका नव्या कारखान्याची भरती निघाली. पावसाळ्यात पिंजण्याचं काम बसतं, म्हणून बरकत गेला. सोबतीला मी. तिथल्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, मग खाली वाकून त्याच्या पावलांवर बोटं ठेवली.

“पायाला बी नाडी असती व्हय, सायेब?” बरकतने विचारलं.

“असते. तुमच्या डाव्या पायाची लागत नाही. रक्तच पोचत नाहीये.” नोकरीचं तिथेच आटोपलं. वर डॉक्टर म्हणाले, “बिडी आजपासून बंद. पाय उबदार ठेवा. नाहीतर आधी बोटं जातील, मग पाय.” आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. ऊब पांघरुणाची की विस्तवाची, एवढं सांगायला त्यांचं काय जात होतं?

बिडी त्याने त्याच दिवशी सोडली. उबेचं काम त्याच्या बायकोने, खैरुन्निसाने, अंगावर घेतलं. दुखऱ्या अंगाला शेक द्यावा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ती चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या पावलाला लावून बसायची.

“लगता क्या शेक?” ती विचारायची.

“लई बरा लगता,” तो म्हणायचा.

ती खूश व्हायची आणि वीट आणखी तापवायची.

टाचेला फोड आला. तो फुटला, कातडी काळी पडली, मग अंगठाही काळा झाला. वास यायला लागला तेव्हा आम्ही त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

“हे भाजलंय,” तिथले डॉक्टर ओरडले. “अशा पायाला शेक दिला कुणी?”

“मीच,” बरकत घाईघाईने म्हणाला. “चुलीपाशी पाय घिऊन बसलो व्हतो.”

“मग चटका कळला नाही?”

“न्हाई, सायेब. लई दिस झालं, त्या पायाला काईच कळत न्हाई.”

खैरुन्निसा पायथ्याशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“फिर बरा किसको लगता था?”

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. पाय गुडघ्यावरून काढायचा ठरला. कागदावर घरच्या माणसाचा अंगठा हवा होता. खैरुन्निसाने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि काही केल्या ती ते बाहेर काढेना.