माहीतनाही ताई

माझ्या धाकट्या बहिणीला मुलं ‘माहीतनाही ताई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. घरात ताई मी आहे. पण हे पद तिने तिकडे परस्पर घेऊन टाकलं आणि वर त्याला असं शेपूट लावून घेतलं. आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं शिकवलं आणि लोक पोरीला हे म्हणतात?” मी म्हटलं, लोक नाही, दहा-दहा वर्षांची मुलं म्हणतात. आईच्या मते हे जास्त वाईट.

ती शिकवते उघड्यावर. रानाच्या कडेला एक निवासी विज्ञानशाळा आहे. शहरातल्या शाळांचे वर्ग तिथे आठवडाभर राहायला येतात. बस सोमवारी मुलांना उतरवते आणि शुक्रवारी घेऊन जाते. मधल्या दिवसांत फळा नाही की बाक नाही. ओढा, माती, कुजलेले ओंडके, आणि पाऊस असला तर पाऊस. माझी बहीण आपल्या वाट्याच्या मुलांना गमबूट घालून ओढ्यात उतरवते, हातात जाळी आणि पांढरा ट्रे देते, दगड उलटायला लावते आणि म्हणते, बघा. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, याबाबतीत ती आमच्या आईपेक्षा कडक आहे. कोणी तसाच टाकून निघालं तर सगळी वरात मागे फिरते.

राहते तिथेच. कर्मचाऱ्यांच्या लाकडी बराकीतली शेवटची खोली तिची. खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि हीटरवर कोणाकोणाचे ओले मोजे. ते तिचे नसतातच, कुठल्या तरी रडक्या पोराचे असतात. फळीवर हाडं, पिसं, गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीवरचा डबा उचलून बाजूला ठेवायला गेले. म्हणाली, “सांभाळून, घुबडाची ओकारी आहे.” नीट धुऊन, वाळवून, त्यातली उंदराची हाडं मोजायला ठेवली होती! त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत उभी होते.

काम म्हणाल तर अर्धं विज्ञान आणि अर्धं आईपण. घरची आठवण येऊन पोट दुखणारी मुलं तिची. उशीत चॉकलेट लपवून उंदीर बोलावणारी तिची. जेवणानंतर ताटात टाकलेलं सगळं एका बादलीत ओतून ते वजनकाट्यावर ठेवायचं आणि आकडा ओरडून सांगायचा, हेही तिचंच. सोमवारी बादली जड असते, गुरुवारपर्यंत मुलं शेजाऱ्याच्या ताटातले बटाटे संपवायला लागतात. या पगाराला हे काम कोणी शहाणं माणूस करणार नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. ती बैठकीला नव्हती.

आता ते ‘माहीत नाही’.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिला सगळं माहीत असायचं. मुलाने ट्रे पुढे केला की नाव हजर. मूल नाव लिहून घ्यायचं, प्राणी पाण्यात सोडायचं आणि पुढचा पकडायचं. सगळ्यांना वाटायचं, काय झकास चाललंय. मग एका हिवाळ्यात तिचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. आठवडाभर तोंडातून आवाज निघेना. बदली माणूस नव्हता, म्हणून गळ्याला मफलर गुंडाळून तशीच ओढ्यावर गेली. मुलं विचारायची, हे काय आहे? ती खांदे उडवायची आणि बोटाने ट्रेकडे दाखवायची. तेव्हा मुलं ट्रेवर वाकली. पाय मोजले, श्वास कुठून घेतो यावर भांडली, एकाने तर त्याच्याशी गप्पा मारल्या. जेवणाची घंटा झाली तरी पाण्यातून कोणी हलेना. घसा सुटला, पण तिने ही रीत सोडली नाही. तेव्हापासून आठवडाभर एकच उत्तर: “माहीत नाही. काय करतंय ते?” मुलं आपापली नावं ठेवतात, त्या नावांवरून मारामाऱ्या करतात, आणि शुक्रवारी जेवणानंतर, बस यायच्या आधी, ती सगळ्यांना गोल बसवून खरी नावं सांगते. याला तिकडे ‘नावांचा तास’ म्हणतात.

मी तिला एकदा फोनवर सरळ विचारलं होतं, “म्हणजे तू चार दिवस खोटं बोलतेस?”

“नाव माहीत आहे गं मला. पण ट्रेमधला तो आता काय करणार आहे, ते कुठे माहीत आहे?”

“हे वकिली बोलणं झालं.”

“तू दिवसभर उत्तरं देतेस. तुझ्याकडून उत्तर मिळाल्यावर कोणी काही बघतं का?”

मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. एक्स-रे कुठे, तर डावीकडे दुसरा जिना. मला पगार उत्तरं देण्याचा मिळतो आणि हिला न देण्याचा, हे मला तेव्हा इतकं झोंबलं की मी फोन ठेवून दिला. आणि हो, खरंच कोणी काही बघत नाही. नाकासमोर पाटी असते आणि लोक मला विचारतात.

घोळ झाला तो एका तापामुळे. गेल्या महिन्यात तिच्या गटातल्या एका मुलाला बुधवारी ताप भरला आणि त्याचे वडील येऊन त्याला घरी घेऊन गेले. म्हणजे नावांचा तास त्याला मिळालाच नाही. वडील दातांचे डॉक्टर, आणि त्याच्या शहरातल्या शाळेच्या पालक मंडळाचे अध्यक्ष. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलायची सवय असलेला माणूस. गाडीत त्यांनी विचारलं, काय शिकलास? पोरगा खुशीत म्हणाला, “आम्हाला एक भारी प्राणी सापडला.” नाव काय? “माहीत नाही.” ताईंनी सांगितलं नाही? “ताईंना पण माहीत नाही!”

झालं. अडाणी बाई मुलांना चिखलात घालते, अशी तक्रार थेट संचालकांकडे. त्या मुलाची शाळा वर्षाला सगळ्यात जास्त वर्ग इथे पाठवते. ती गेली तर निम्मा हंगाम गेला.

संचालक माणूस वाईट नाही. त्यांच्यामागे गळकी छपरं आहेत, उशिरा येणाऱ्या बसेस आहेत. वाईट नाही म्हटलं, म्हणजे माझ्याकडचं सौजन्य मी देऊन संपवलं. त्यांनी बहिणीला बोलावून सांगितलं, “नावांची कार्डं छापून घेतली आहेत. गळ्यात अडकवा. मुलाने विचारलं की त्याच क्षणी नाव सांगायचं. बुधवारी अध्यक्ष स्वतः बघायला येतायत.”

ती म्हणाली, “नावं शुक्रवारी.”

“मग तुम्हाला ठेवता येणार नाही.”

नोकरी गेली की खोली जाते, कारण खोली नोकरीबरोबरच मिळालेली आहे. दुसरं घर तिला नाही. आमच्या दोन खोल्यांत आई, मी, माझा नवरा आणि मुलगी आधीच एकमेकांच्या पायात पाय घालून राहतो. आणि तशी शाळा त्या भागात दुसरी नाही. पुन्हा कुठे तरी चार भिंतींत फळ्यापुढे उभं राहावं लागलं असतं. ते तिने एक वर्ष करून पाहिलं होतं, आणि त्या वर्षी ती आजारीच होती. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी फोनवर मला म्हणते कशी, “बघू.” मी हॉस्पिटलमध्ये रजा टाकली. आईने मला दारात बजावलं, “हातापाया पड तिच्या, पण नावाचा एक शब्द सांग म्हणावं त्या पोरांना!”

बुधवारी सकाळी मी तिच्या खोलीत पोचले तेव्हा ती बुटातलं पाणी ओतत होती. कार्डांची माळ खिळ्याला लटकत होती. छान होती, रंगीत, पावसात न भिजणारी.

“घाल ना ती,” मी म्हटलं. “एक सकाळ. माझ्यासाठी.”

“एक सकाळ घातली की उद्या काढायला कोण देणार?”

“अगं, संचालक तुला पाण्यात बघतात!”

“मी पाण्यातच असते,” ती म्हणाली आणि दुसरा बूट उलटा केला.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे असं हसून दुसऱ्याला गप्प करणं तिला लहानपणापासून येतं. मी म्हटलं, “तुला हाकलतील आणि मी काही करू शकणार नाही, याची मला भीती वाटते.” तेव्हा ती हसायची थांबली. माझ्याजवळ बसली, ओल्या हाताने माझा हात धरला. “मलाही वाटते,” ती म्हणाली. मग उठली, जाळ्या खांद्यावर टाकल्या आणि निघाली. कार्डं खिळ्यालाच राहिली.

ओढ्यावर मुलं आधीच पाण्यात होती. काठावर संचालक, शेजारी डॉक्टर, आणि डॉक्टरांनी साक्षीला आणल्यासारखा आपला मुलगा आणला होता. ताप उतरलेला, नवे कोरे बूट. बापाने हात सोडला तसा तो थेट पाण्यात शिरला. नव्या गटातलं कोणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. त्याला ओळखीची गरजच नव्हती. तो दगड उलटायला लागला, आणि उलटलेला परत ठेवायला लागला.

एका दोन वेण्यांच्या मुलीच्या ट्रेमध्ये वाळूच्या कणांची एक नळी आली. आगकाडीच्या तुकड्याएवढी. सगळ्यांना वाटलं कचरा. मग कचऱ्यातून सहा पाय बाहेर आले आणि नळी चालायला लागली. मी मोठी बाई, पण माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं.

“ताई, हे काय आहे?” मुलीने विचारलं.

संचालकांनी माझ्या बहिणीकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं. मी तर तिच्याकडे असं पाहिलं की दगडालाही बोलावंसं वाटलं असतं.

ती वाकली. “माहीत नाही,” ती म्हणाली. “काय करतंय ते?”

“घर घेऊन फिरतंय!”

“घर त्याने बांधलंय की त्याला सापडलंय?” दुसऱ्याने विचारलं.

“बांधलंय,” डॉक्टरांचा मुलगा म्हणाला. “आम्ही मागच्या वेळी बघत होतो. मला बाबा घेऊन गेले म्हणून राहिलं. बघ ना, सगळे खडे सारखे निवडलेत. एक खडा काढला तर परत लावतो का, ते बघायचं होतं आम्हाला.”

“बघितलंत?” डॉक्टर संचालकांना म्हणाले. “साधं नाव सांगता येत नाही.” त्यांनी फोन काढला, ट्रेचा फोटो घेतला आणि फोन डोळ्यांसमोर धरला. “मुलांनो, इकडे लक्ष द्या. याचं नाव आहे—”

“बाबा, नको ना!” पोरगा ओरडला आणि त्याने दोन्ही हात कानांवर गच्च दाबले.

चिखलाचे हात. मग वेण्यावाल्या मुलीने ट्रे दगडावर ठेवला आणि तिनेही कान झाकले. मग शेजारचा, मग सगळेच. डॉक्टरांनी नाव वाचून दाखवलं. बरोबर असणार, मला शंका नाही. पण ते ऐकायला काठावर आम्ही मोठी माणसंच होतो.

“हात खाली करायला सांगा त्यांना,” संचालक बहिणीला म्हणाले.

“मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

“हात खाली करा!” संचालक ओरडले. कोण ऐकणार? सगळ्यांचे कान बंद. मला हसू फुटलं आणि ते मी आवरलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझ्या मनातली ती भीती क्षणभर कुठे तरी गेली.

संचालकांचा चेहरा लाल झाला. ते पाण्याच्या अगदी कडेशी आले, आणि या वेळी ओरडले नाहीत. “शुक्रवारी बस गेली की तुमची खोली रिकामी करा,” ते म्हणाले. “तुम्हाला कळलं ना मी काय म्हणालो?”

माझ्या बहिणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आपले दोन्ही हात उचलून कानांवर ठेवले, कोपरापर्यंत गाळ ओघळत असताना, आणि मुलांच्या घोळक्यात ट्रेपाशी उकिडवी बसली. नळी ट्रेच्या कडेला पोचून वळत होती. सगळी डोकी तिच्यावर होती.

संचालक माझ्याकडे वळले. “तुम्ही त्यांची मोठी बहीण ना? तुम्ही तरी काही बोला.”

आयुष्यभर खिडकीत बसून मी प्रत्येकाला उत्तर दिलं आहे. मी पर्स खाली गवतावर ठेवली, गमबूट नव्हते तरी पाण्यात उतरले, आणि कान झाकले.