कॉम्प्युटरवाले भाऊ

माझं अक्षर वाईट आहे, लिहिताना चुकाही होतात, त्याची माफी असावी. आमच्या गल्लीतले एक भाऊ औरंगपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांचे आभार तोंडावर मानायला मला लाज वाटते, म्हणून इथं लिहिते. मशीन उघडण्याआधी ते त्याच्यावर पालथा हात ठेवून विचारतात, "काय झालं राजा, ताप आलाय व्हय?"

माझ्या मुलानं सुटे भाग आणून गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वतः जोडला. तो लई तापायचा आणि गेम अडखळायचा. "याला काय जमतंय? भंगारात घाल," असं त्याचे वडील रोज म्हणायचे. शेवटी मी भाऊंना बोलावलं.

भाऊंनी येऊन आतला पंखा काढला. त्याच्या बुडाला चिकटलेलं पातळ प्लास्टिक मुलाकडून सोलायचंच राहिलं होतं, म्हणून तर मशीन तापत होतं. माझ्याकडं बघत भाऊंनी ते हळूच खिशात घातलं.

"काय चुकवलंय यानं?" वडिलांनी विचारलं.

"काय नाय साहेब, आतली गार ठेवायची पेस्ट वाळली होती. जोडणी झकास हाय."

जाताना दाराबाहेर त्यांनी ते प्लास्टिक मुलाच्या हातात दिलं. "पुढच्या खेपेला हे आधी सोलायचं, उस्ताद."

आत वडील फोनवर सांगत होते, "आमच्या पोरानं घरीच जोडलाय!"