दूध प्यायला आलेली बहीण

आमच्या घरात वर्ष दुपारीच संपतं. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी पोरं कुणाच्या ना कुणाच्या मळ्यावर रस्सा करायला पळतात, त्यामुळं घरचं जेवण दुपारी उरकून घ्यावं लागतं. धाकटी बहीण आणि दाजी शाहूवाडीहून सकाळीच येतात. येताना नवा तांदूळ आणतात. मटणात चटणी किती घालायची यावरून बहिणीचं आणि माझ्या बायकोचं दरवर्षी वाजतं, आणि ते मिटेपर्यंत मटण शिजलेलं असतं.

यंदा त्यात एक भर पडली. मुलाचं लग्न मे महिन्यात झालं. सूनबाई वारणानगरच्या कॉलनीत वाढलेली, इथं एका ऑफिसात नोकरी करते. तिच्या ऑफिसात म्हणे डिसेंबरात सगळ्यांना गोल बसवतात आणि या वर्षात आपण काय शिकलो ते प्रत्येकाला सांगायला लावतात. जेवणं झाल्यावर तिनं हेच आपणही करूया का, असं जरा बिचकतच विचारलं. नवी सून पहिल्यांदाच काहीतरी मागतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

पहिला नंबर दाजींचा. डॉक्टरांनी सांगितल्यावर चहातला गूळ सोडला, आणि त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, एवढं बोलून ते भिंतीला टेकले. बायको म्हणाली, ती मोबाइलवरून गॅस बुक करायला शिकली, कारण घरातल्या पुरुषाला ते जन्मात जमणार नाही. मुलगा नुसताच ‘पास’ म्हणाला. मग माझी पाळी आली. मी आठ दिवस तयारीत होतो. या वर्षी मी कमी बोलायला शिकलो, असं मी जाहीर केलं, आणि ते कसं शिकलो हे समजावून सांगायला वीस मिनिटं घेतली. मधे बायकोनं ताटं आत नेली, ओटा पुसला, परत येऊन बसली, तरी मी जेमतेम जुलैपर्यंत पोचलो होतो.

शेवटी मुलाला राहवलं नाही. “पप्पा, ते असू दे. हिनं आत्याच्या दुधाची गोष्ट ऐकली नाही अजून. ती सांगा.”

ती गोष्ट म्हणजे माझा हुकमाचा एक्का. लग्न असो, बारसं असो, एकदा तरी ती होतेच. मी मांडी बदलली, घसा खाकरला.

तर गोष्ट अशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, माझं लग्न ठरत होतं. मुलगी बघून झाली होती आणि मुलीकडचे आमचं घर बघायला आले होते. मी नव्या शर्टात काठी गिळल्यासारखा बसलो होतो. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. अशात दारात कोण उभं? आमची बहीण. लग्न होऊन वर्ष झालेलं नाही, सोबत नवरा नाही, दीर नाही, हातात एक पिशवी. आबांचा, म्हणजे आमच्या वडलांचा, चेहरा पडला. त्यांनी पाहुण्यांदेखत विचारलं, “एकटीच कशी आलीस गं?” आणि ही बया म्हणते, “कट्ट्यावरचं दूध प्यायला आलोय.”

आता आमच्याकडच्या दूधकट्ट्याचं कौतुक बाहेरच्यांना सांगायला हवं. संध्याकाळी म्हैस रस्त्याच्या कडेला आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाचा पेला हातात देतात. लहानपणी आबा आम्हाला दर रविवारी न्यायचे. त्या पेल्यासाठी माझी बहीण दोन तास एसटीत बसून आली! शेवटी माझे होणारे सासरेच म्हणाले, “का वो, शाहूवाडीला दूध मिळत न्हाय व्हय?” त्यावर आबा कपाळाला हात लावून, “चार म्हशी हाईत हिच्या घरात!”

इथं मी आबांचा आवाज काढतो, मागोमाग म्हशीचाही काढतो, आणि लोक लोळतात. त्या दिवशीही पाहुणे असेच हसले. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, लेकीचे एवढे लाड करणारं घर आहे, आमची पोरगी सुखात राहील. सोयरीक जुळली. संध्याकाळी आबांनी बहिणीला कट्ट्यावर नेऊन दूध पाजलं आणि शाहूवाडीच्या शेवटच्या गाडीत बसवलं. म्हणजे माझा संसार चार म्हशींनी जमवला, असं मी शेवटी म्हणतो.

सगळे हसले. बहीणही नेहमीसारखी पदर तोंडाला लावून हसली. सूनबाई तेवढी हसली नाही. तिला गोष्ट कळली नसावी असं वाटून मी म्हशीचा आवाज परत काढायच्या बेतात होतो.

“पण मामा,” ती मला म्हणाली, “घरी चार म्हशी होत्या, तर आत्या खरं कशाला आल्या होत्या?”

मी शंभर वेळा ती गोष्ट सांगितली असेल. चार म्हशी आल्या की लोक हसायचे आणि मी पुढं जायचो. हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी बहिणीकडं बघितलं. “बघ की,” ती म्हणाली आणि उठली. उचलायला काही उरलं नव्हतं, तरी कोपऱ्यातला तांब्या उचलून ती मागच्या दारी गेली.

मी थोड्या वेळानं गेलो. ती नळाखाली मटणाचं पातेलं घासत होती. मी पायरीवर बसलो.

“कशाला आलतीस?”

“झालं की आता ते. किती वर्सं झाली.”

“तरी सांग.”

तिनं पातेलं घासत घासतच सांगितलं. (हे लिहितोय तेही तिला विचारूनच. नाव घालू नको आणि लई रंगवू नको, या दोन अटींवर तिनं परवानगी दिली.) तिला तेव्हा दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही. भाताच्या मळणीचे दिवस होते, तीन दिवसांनी ती खळ्यावर उभी होती. सासरची माणसं वाईट नव्हती. सासूनं गूळ-खोबरं खायला घातलं, पाठीवरून हात फिरवला, आणि असल्या गोष्टी बोलायच्या नसतात असं सांगितलं. दाजी तेवीस वर्षांचे, ते आईसमोर तोंड उघडत नसत. तिला फक्त आमच्या आईपाशी दोन दिवस झोपायचं होतं. बाजारला जाते म्हणून ती घरातून निघाली आणि एसटीत बसली.

आमच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हाच तिला कळलं की मुलीकडचे आलेत. परत फिरणार होती, पण आबांनी बघितलं होतं.

“सासरातनं एकटी निघून आलेली बहीण बघून त्यांनी तुला पोरगी दिली असती व्हय?” ती म्हणाली. “काय सांगावं ते सुचंना. दूध आठवलं.”

आत बायको बडीशेपेचा डबा शोधत होती. कुणी हलवला म्हणून मुलाला बोलत होती. मी तो आवाज ऐकत बसलो.

“आईला ठाऊक होतं?”

“वर्सानं सांगितलं तिला.”

मग मला आठवलं. माझी गोष्ट रंगात आली की आई नेमकी उठून स्वयंपाकघरात जायची. तीन वर्षांपूर्वी ती वारली, त्याआधीच्या दिवाळीतही अशीच उठून आत गेली होती. ऐकून ऐकून कंटाळली असेल, असं मला वाटायचं, आणि मी आवाज चढवायचो, म्हणजे तिला आत ऐकू जावं.

“मग मला एकदा गप बस म्हणायचं न्हाईस का?”

तिनं पातेलं पालथं घातलं. “तू इतकं झ्याक सांगायचास, मलाच वाटायचं, आसंच झालं आसतं तर बरं. दूध प्यायला आल्याली पोरगी. तिचं काय सुदीक दुखत नव्हतं.” हात पुसत ती पुढं म्हणाली, “पण आज त्या पोरीनं इचारलं न्हवं, लई बरं वाटलं बघ.”

काहीतरी बोलावं असं फार वाटलं. चुकलं म्हणावं, तर तिलाच मला समजावत बसावं लागलं असतं, जाऊ दे रे दादा म्हणून. तेवढ्यात दाजी गाडीची किल्ली घेऊन दारात आले. धारांची वेळ होत आली होती, निघायला हवं होतं.

“दोन दिवस राहतीस का?” मी तिला विचारलं.

“कशाला?”

“कशाला काय. राहा.”

ती दाजींना म्हणाली, मी राहते. दाजींनी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं, ती नाही म्हणाली. ते जरा वेळ किल्ली बोटात फिरवत उभे राहिले. त्यांना किती कळलं कोण जाणे. “राहा की,” ते म्हणाले. “धारा मी काढतो.”

सूनबाई आत तोंड बारीक करून बसली होती. आपण भलतंच विचारलं म्हणून तिनं आत्याची माफी मागितली. बहिणीनं तिला जवळ बसवून घेतलं. “तुला म्हायेरी जावं वाटलं तर कारण शोधत बसू नगं. पिशवी घ्यायची आन् जायचं.” बायको म्हणाली, आणि आम्हाला फोन करायचा, नाहीतर तुझा सासरा त्याची गोष्ट करेल. मी ऐकून घेतलं. ते खरंच होतं.

मुलानं जाता जाता विचारलं, रात्री मळ्यावर मित्रांना दुधाची गोष्ट सांगू का. मी नको म्हणालो. का, म्हणाला. “चुकीची होती,” मी म्हटलं. एवढं छोटं उत्तर त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकलं नसावं. तो चपला घालून गेला.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बहीण साडेनऊपर्यंत झोपली होती. बायकोनं मिक्सर लावला नाही, पाट्यावर वाटलं. शेजारचे काका कॅलेंडर द्यायला आले, दारातल्या तिच्या चपला बघून म्हणाले, “ताई आल्यात वाटतं? काय विशेष?”

“काही नाही. राहायला आलीय.”

काका थांबले. वीस वर्षांचा शेजार, त्यांना माझी सवय आहे. उंबऱ्याला टेकून ते पुढचं ऐकायची वाट बघत राहिले. मी कॅलेंडर घेतलं, हळू बोला म्हणालो, ती झोपलीय.