मेश्राम मॅडम आणि शिशाच्या हातांनी सोललेली संत्री

मेश्राम मॅडमना मी प्रथम पाहिले ते प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, उंदरांचे पिंजरे स्वतः धुताना. "शुक्राणूंवर काम करायची लाज वाटेल का?" एवढेच त्यांनी विचारले. मला नाही वाटली. माझ्या आईला वाटली. ती आजही पाहुण्यांना 'पोरगा औषधांचं काहीतरी करते' असेच सांगते.

शिसे अंगात भिनले की शुक्राणू दुबळे होतात आणि क व ई जीवनसत्त्वे ही हानी काही अंशी रोखू शकतात, हे मॅडम वर्षानुवर्षे उंदरांवर तपासत राहिल्या. निष्कर्ष फुगवून सांगणे त्यांना मुळीच खपत नसे. माझ्या प्रबंधातला 'रामबाण' हा शब्द त्यांनी खोडला आणि मी हिरमुसलो म्हणून बेसा भागातल्या आपल्या घरी नेऊन वडाभात वाढला.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या आनंदात एक सल मात्र सांगायलाच हवी. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणाऱ्या कामगारांपुढे मॅडम एकदा बोलल्या. संयोजकांनी शुक्राणूंचे नाव घ्यायच्या संकोचाने विषय जाहीर केला 'संत्री आणि आरोग्य', आणि मॅडमनीही तो चालवून घेतला. शिशापासून दूर राहा, हे त्यांनी सांगितले होते; लोकांच्या लक्षात राहिली ती संत्री. वर्षभराने मॅडमबरोबर त्या वस्तीत गेलो, तर रमेश नावाचा कामगार काळ्या बोटांनी संत्रे सोलत बसलेला. "तुमच्याच सांगण्यावरून रोज खाऊन राहिलो जी," तो कौतुकाने म्हणाला. त्याला मूल हवे होते, आणि फोडीफोडीबरोबर शिसेच पोटात चालले होते.

मॅडमनी त्याचे हात साबणाने धुवून घेतले, त्याला तपासणीला नेले. दोष त्याच्यातच निघाला. मग त्या त्याच्या आईला समजावायला घरी गेल्या. म्हातारीने सगळे ऐकून घेतले.

"बाई, हे आधी काहून नाही सांगितलं? सुनेले वांझ म्हणून सोडचिठ्ठी देल्ली आम्ही."

परतताना मॅडम रिक्षात रडल्या. तेव्हापासून व्याख्यानाच्या नावात त्यांनी आडपडदा ठेवला नाही, आणि सासवांना पुढच्या खुर्च्यांत बसवल्याशिवाय त्या बोलत नाहीत.

ती सून आता कुठे असते, हे तिच्या माहेरचे सांगत नाहीत. मॅडमनी विचारणे सोडलेले नाही. मॅडम, शंभरी गाठा, गुडघे ठणठणीत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. आणि तिची गाठ पडेल तेव्हा 'पोरी, तुझ्यात काहीच खोट नव्हती' हे तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळो.