खुराड्यातला फोन

दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन नायजेरियाचा. गावाकडे त्याची छोटी पोल्ट्री आणि माशांचं तळं होतं, आणि दोन्ही तो इथून फोनवर सांभाळायचा. तिकडे भाऊ खुराड्यात मोबाइल धरायचा, इकडे हा डोळे मिटून ऐकायचा.

"डावीकडची शिंकतेय, तिला बाजूला काढ!"

मला हे सगळं थोतांड वाटायचं.

"कोंबडी निदान बोलते, बॉस," तो मला समजवायचा. "मासा बोलत नाही. खरी रिस्क तीच."

पुढे बर्ड फ्लूमध्ये सगळ्या कोंबड्या गेल्या. "खलास," एवढंच म्हणाला आणि आठवडाभर फोन खिशातच ठेवला.

मग एका सकाळी पुन्हा फोन कानाला लावून उभा. बराच वेळ चकार शब्द नाही.

"लाइन कटली का रे?" मी विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बॉस. मासे जेवतायत."