खाली अडकलेला डोल

माझे धाकटे दीर नत्थू भिलाईला आले ते डोक्यावर घमेलं वाहायला. कारखाना उभा राहत होता, काँक्रीट किती लागे त्याला गणतीच नव्हती. मग ठेकेदाराने काँक्रीट कालवायची दोन मशीनं आणली आणि भाऊजी त्यातलं एक चालवायला शिकले. मोठ्या बादलीसारखा लोखंडी डोल गिट्टी घेऊन आपोआप वर जाई, रिकामा होई, खाली येऊन भरे, पुन्हा वर. वर आणि खाली एकेक खटका होता; डोलाने तो दाबला की डोल उलट दिशेला निघे. घरी जेवताना ते हे सारं हाताने करून दाखवत, वरण थंड होईपर्यंत.

थंडी पडली आणि सकाळच्या पाळीला डोल खाली येऊन बसू लागला. भरलेला, पण हलेना. मजूर खालच्या खटक्याजवळ हातोडी हाणत, मग तो एकदम निघे. कामावरचे साहेब भाऊजींना म्हणाले, "शनिवारपर्यंत जमलं नाही तर कलकत्त्याचा माणूस आणतो. तू पुन्हा घमेल्यावर."

"मंग हाणा न तुमीबी हातोडी," मी म्हटलं.

"वयनी, हाणलं का चालते. पण थांबते कावून, ते कुठं समजते?"

"समजून पगार वाढते का?"

"घमेलं तर चुकते!"

दुसऱ्या सकाळी त्यांनी कोणाला हातोडी उचलू दिली नाही. डोल थांबताच वीज बंद केली आणि एकेक गोष्ट तपासत गेले. खालचा खटका ठीक. तारा ठीक. शिडीने वर चढले, तर वरचा खटका दबलेलाच! डोल केव्हाचा खाली आलेला, आणि मशीनला वाटे तो अजून वरच आहे.

खटक्यावर तुपातला शेंदूर थापलेला होता. दसऱ्याला मशीनची पूजा भाऊजींनीच केली होती, वरपर्यंत चढून, अगदी भक्तीने. थंडीत तूप गोठे आणि खटका दबलेलाच राही; हातोडीच्या हादऱ्याने नाहीतर ऊन चढलं की सुटे.

"पुसून टाक अन् गप राय," जोडीदार बाबाराव म्हणाले. "साहेबाले कायले सांगतं?"

"त्या दुसऱ्या मशीनलेबी मीच फासला ना गड्या! तेबी बसन उद्या."

दोन्ही मशीनचे वरचे खटके रॉकेलने धुतले आणि भाऊजी साहेबांपुढे उभे राहिले. साहेब चिडले, बोलायचं ते बोलले, आणि सकाळी चहाचा गिलास घेऊन स्वतःच मशीनपाशी आले. चहा संपला, डोल काही थांबेना.

कलकत्त्याचा माणूस आला नाही. हुकूम मात्र झाला, शेंदूर लावायचा तो मशीनच्या झाकणालाच.

"खटक्याले निस्ते हात जोडाचे," भाऊजी सांगत, आणि खरंच जोडत.